उशी टाचेखाली

भाजीबाजारात मला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. "ओ घुटनेवाली मॅडम!" अशी आरोळी येते, मी वळते, तर एखादे काका धोतर वर सारून गुडघा दाखवत उभे असतात. माझ्या हातात मेथीची जुडी, चारचौघं बघताहेत, आणि काका विचारताहेत, "हे इथं थोडं गरम लागते, चालन ना?" मी वाकून हात लावते, "चालेल, बर्फ लावा" म्हणते आणि पुन्हा मेथीकडे वळते, तोवर भाजीवालीने आपलाही पाय पुढे केलेला असतो. आमच्या यजमानांना सुरुवातीला याची फार लाज वाटायची. आता ते मुकाट्याने दोन गाड्या पुढे जाऊन कांदे निवडत बसतात.

मी फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्या गावात कुणाच्या जिभेवर बसला नाही आणि मीही तो बसवायचा नाद सोडला. माहेर बऱ्हाणपुरातल्याच राजपुऱ्यातलं, सासरही वेशीच्या अलीकडचंच, शिक्षण तेवढं इंदूरला झालं. नोकरी म्हणाल तर बऱ्हाणपुरातल्या एकाच खाजगी हॉस्पिटलात केली आणि तिथूनच निवृत्त झाले. अजूनही सकाळची एखादी चक्कर होते, कारण घरी बसून राहिलं की माझेच गुडघे दुखतात.

आमच्याकडे पूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे इंदूर, नाहीतर जळगाव. माणूस तिकडे जायचा आणि पाय कसाही होऊन परत यायचा. पुढे विचारायला कुणी नाही. मग आमच्या हॉस्पिटलात बाहेरगावचे सर्जन येऊ लागले आणि केळीवाले, कापूसवाले, लूमवाले, मास्तर, सगळ्यांचे गुडघे गावातच होऊ लागले. लोकांना वाटतं, जुना गुडघा काढून नवा घालतात, सायकलचं चाक बदलावं तसा. तसं काही नसतं. हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूची टोपी चढवतात, दाताला चढवतात तशीच, आणि मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात. सर्जनचं काम जेवणाच्या आत आटोपतं. तिथून पुढे पेशंट माझ्या ताब्यात. "ऑपरेशन तर झालं, आता काय राहिलं?" असं प्रत्येक घर विचारतं. राहिलेलं असतं ते सगळंच. घरी जाताना माव्याची जिलेबी डॉक्टरांना मिळते आणि शिव्या मला. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. डॉक्टर पाय बधिर करून हातात घेतात, मी जागा पाय हातात घेते, फरक पडणारच.

काम काय असतं ते सांगते. कापलेल्या जागी शरीर आतून जाळं विणायला लागतं. जखम भरायला ते हवंच, पण सांधा हलता ठेवला नाही तर ते जाळं सांध्यालाच धरून बसतं. म्हणून जे मिळवायचं ते सुरुवातीच्या आठवड्यांतच. वेळ गेली की पुन्हा भूल देऊन गुडघा जोराने वाकवावा लागतो, आणि ते काम सर्जनलाही नकोसं वाटतं. पेशंटचं सगळं लक्ष पाय किती वाकतो याकडे. मला विचाराल तर पाय सरळ होणं त्याहून मोठं. ज्याचा पाय वाकत नाही तो खुर्चीत बसून दिवस काढेल. ज्याचा सरळ होत नाही तो जन्मभर लंगडतो आणि पुढे कंबरही धरते.

पाय सरळ होऊ न देणारी वस्तू प्रत्येक घरात असते. ती म्हणजे उशी. दुखऱ्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली की दुखणं जागच्या जागी थांबतं. झोपणाऱ्याला बरं वाटतं, ठेवणाऱ्यालाही बरं वाटतं, आणि दोघं समाधानात असताना पाय वाकडाच्या वाकडा धरून बसतो. सगळी नोकरी मी एकच आरडाओरडा केला: उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नाही! टाच उचललेली असली की गुडघा आपल्याच वजनाने खाली जातो, सरळ होतो. दुखतं मात्र. आता दुखवणाऱ्या बाईचं ऐकायचं की मऊ उशीचं, हे तुम्हीच सांगा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. एक कापडाचे शेठ होते. ऑपरेशन झकास झालं, चालणंही छान. मी म्हटलं, "शेठजी, आता जमिनीवर मांडी घालायची नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दुकान बंद करायला सांगितलंय. त्यांच्या दुकानात पांढरी गादी, गादीवर लोड, आणि आजोबांपासून मालकाने मांडी घालूनच बसायचं. "खुर्चीवर नोकर बसतो, बाई," ते हळूच म्हणाले. मी पुष्कळ समजावलं, ते नुसते मान डोलवत राहिले. पुढे मी पडद्याचं कापड घ्यायला गेले, तर गादीवर खुर्ची ठेवलेली, खुर्चीला पांढरी खोळ, आणि तिच्यावर शेठ. गिऱ्हाइकं खाली आणि मालक जवळजवळ पंख्याला टेकलेला. "इथनं सगळं दुकान दिसतं," ते खुशीत म्हणाले. "मुनीम दुपारभर डुलक्या काढतो, हे मला आत्ता आत्ता कळलं."

डोईफोडिया गावच्या एका केळीवाल्या दादांची तऱ्हा उलटी. व्यायाम थोडा थोडा, सकाळ-दुपार-संध्याकाळ करा म्हटलं होतं. हे सकाळी सुरू करायचे ते अंधार पडेपर्यंत. गुडघा टम्म सुजवून आले आणि वर मलाच म्हणाले, "बाई, मेहनतीत मी कमी नही केली." मी विचारलं, "दादा, केळीला दिवसभर पाणी सोडून ठेवलं तर?" "मुळ्या सडतात," ते पटकन म्हणाले आणि मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांना काही सांगावं लागलं नाही.

जिन्यासाठी मी एक म्हण बनवली होती. चढताना धडका पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा आधी. हे कुणाच्याही लक्षात राहत नसे. मग मी सांगू लागले, "चढताना सून पुढे, उतरताना सासू पुढे." सुना पदराआड हसायच्या, सासवा खोट्या रागाने बघायच्या, पण विसरलं कुणी नाही. सासू-सुनांच्या भानगडीत मी एवढीच पडत असे. आपण गुडघ्यापुरतं बघावं, घर ज्याचं त्याचं. पण एकदा गुडघाच त्या दोघींच्या मध्ये अडकला, आणि मला उंबऱ्याच्या आत जावं लागलं. हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला.

शेवंताबाई इच्छापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. घरची केळी. उंच, दणकट हाडाच्या, आवाज असा की या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी. बरोबर सून मनीषा, नेपानगरची, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण सासूसमोर तिच्या तोंडून "जी आई" आणि "नही आई" याखेरीज मी तिसरा शब्द ऐकला नाही. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी शेवंताबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या आणि शेजारच्या खाटेवर कण्हणाऱ्या बाईला म्हणाल्या, "उठ वं, काही होत नही." घरी गेल्या तेव्हा पाय जवळजवळ सरळ होता. मी मनीषाला टाचेखालची उशी, बर्फ, चालणं, सगळं समजावलं. ती प्रत्येक वाक्याला "जी मॅडम" म्हणाली.

पुढच्या तपासणीला त्या जीपमधून आल्या त्या मुलाच्या खांद्यावर जवळजवळ लटकतच. पाय बघितला आणि माझं डोकंच फिरलं. गुडघा अर्धवट वाकलेला, सरळही होईना, पुढे वाकेनाही. "घरी व्यायाम करता ना?" विचारलं तर दोघी एकदम "हो" म्हणाल्या. माणूस काहीही सांगो, पाय खोटं बोलत नाही. मी दोघींनाही फैलावर घेतलं. मनीषा आवाज न करता रडू लागली आणि शेवंताबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. सर्जनने पाय पाहिला, आणि बाहेर येऊन मला सांगितलं की पुढच्या तपासणीपर्यंत फरक पडला नाही तर पुन्हा भूल देऊन जोराने वाकवावा लागेल, आणि या वयात ते त्यांना करायचं नव्हतं. म्हणजे हातात होते ते एवढेच दिवस.

घरी जाऊन बघायची पद्धत आमच्या हॉस्पिटलात नव्हती, पण हट्टी गुडघ्यासाठी मी आपणहून जात असे. बसने उतरले, केळीच्या बागांमधून थोडं चालले आणि घर विचारत पोचले. अंगणात खाट, खाटेवर शेवंताबाई, भोवती गावातल्या बायांचा दरबार. गुडघ्याखाली घडी घातलेली गोधडी, गोधडीवर उशी, पाय छानपैकी डोंगरासारखा उभा. मनीषा पायथ्याशी बसून तळवे चोळत होती. जवळ लसूण घालून कढवलेल्या तेलाची वाटी. मी बर्फाचं विचारलं तर एक म्हातारी माझ्यावरच उखडली. "गार लावलं त वात धरते, बाई. तुम्ही शिकलेले लोक!" दुसरी मनीषाकडे बघून म्हणाली, "सून असावी त अशी. सासूले जमिनीवर पाय ठेवू देत नही." मनीषाने पदर सावरला. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी हॉस्पिटलात कधी पाहिला नव्हता.

मी चहाच्या निमित्ताने तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. "उशी कुठे ठेवायला सांगितली होती?" मी विचारलं. ती आधण ठेवत राहिली. मग एकदम वळून म्हणाली, "मॅडम, मी सगळं केलं होतं. पहिल्या दिवशी टाचेखाली उशी ठेवली, चालवलं पण. आई रडल्या. आवाज बाहेर गेला. शाम तक सगळ्या गल्लीत झालं की मनीषा सासूला रडवते. ननंद रावेरला आहे, तिचा फोन आला. मी काय करू?"

"अगं, पाय आखडला तर?"

"पाय आखडला तर लोक डॉक्टर की गलती बोलेंगे," ती म्हणाली. "रडवलं तर माझी."

हॉस्पिटलात बसून मी तिला निष्काळजी समजत होते, आणि इथे ती गावातली सगळ्यात काळजी घेणारी सून होती. तिला सासूसमोरच ओरडले होते याचं मला वाईट वाटलं. चहा न घेताच मी बाहेर आले.

बाया उठून गेल्यावर मी खाटेजवळ स्टूल ओढलं. "शेवंताबाई, तुम्ही भित्र्या नाही," मी म्हटलं. "केळीचे घड डोक्यावर वाहिलेत तुम्ही. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी चाललात. मग घरी येऊन पाय का सोडून दिला?"

आत मनीषा भांडी घासत होती, त्या तो आवाज ऐकत राहिल्या.

"बाई, एक इचारू?" त्या एरवीच्या मानाने फार हळू म्हणाल्या. "मी चालाले लागली, का मंग मनीषा माह्याजोळ बसन का?"

मला काही कळेना. मग त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. "इतके साल झाले, ते मले जी आई नही आई, बस. तिचा दोष नही. माह्या सासूनं मले बोलू देलं नही, मी हिले देलं नही. घरात दोन बाया, अन् दिवसभर भांड्याचाच आवाज. आता पाय दाबाले बसते त बोलते. तिचा बाप भजनात ढोलकी वाजवे, एकदा ढोलकी घेऊन नाल्यात पडला, ते सांगे. हासते बी. मले मालूमच नव्हतं ते इतकी हासते." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मी उठली का ते आपल्या कामाले, मी माह्या कामाले. पाय काय, लंगडा बी चालते."

मला गलबलून आलं. आयुष्यभर मी लोकांना दुखण्याच्या भीतीपोटी पाय न हलवताना पाहिलं होतं. सुख संपेल म्हणून पाय न हलवणारी बाई पहिल्यांदाच बघत होते. खाटेच्या एका टोकाला सुनेचं नाव राखलं जात होतं, दुसऱ्या टोकाला सासूला सोबत मिळत होती. दोघी सुखात होत्या आणि त्या सुखात गुडघा कायमचा वाकडा होत चालला होता. रागावून इथे काही होण्यासारखं नव्हतं.

मी मनीषाला बाहेर बोलावलं. सासूचं गुपित मी तिला सांगितलं नाही. ते सांगायचा मला हक्क नव्हता. मी नियम सांगितले. पहिला, उशी काढायची नाही, फक्त खाली सरकवायची. "येणाऱ्या बायांना उशी दिसल्याशी कारण. ती गुडघ्याखाली आहे की टाचेखाली हे कोण बघतंय?" मनीषाच्या ओठांच्या कडा हलल्या. दुसरा, तेलाची वाटी स्वयंपाकघरात परत. तिसरा, चालताना शेजारी मनीषाच हवी, आणि दोघींनी बोलत चालायचं. "बोलता येतंय म्हणजे दम पुरतोय, चालत राहायचं. बोलणं तुटलं की थांबायचं. मुक्याने चालायचं नाही, बिलकुल नाही." हा नियम माझ्या मनचा नाही, आमच्या शिक्षणातच आहे. मी तो फक्त जरा जास्तच जोर देऊन सांगितला.

"असं किती दिवस, बाई?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पाय बरा झाला तरी सोडायचं नाही," मी म्हटलं. "रोज चालायचं, दोघींनी, कायमचं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांना कळलं. मनीषाला मात्र त्यात औषधापलीकडचं काही दिसलं नाही, ती म्हणाली, "जी मॅडम."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले, तर गल्लीच्या तोंडापासून भांडण ऐकू येत होतं. अंगणाच्या मधोमध शेवंताबाई वॉकर धरून उभ्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारी मनीषा. आणि समोर रावेरहून नुकतीच आलेली त्यांची मुलगी रेखा, खांद्यावरची बॅगही न उतरवता कडाडत होती. "मायले ढोरासारखी चालवू राहिली! रडू राहिली ते दिसत नही तुले? फोनवर त मोठी सेवा करते म्हणे!" कुंपणापलीकडे बायांची डोकी दिसू लागली होती. मनीषाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने वॉकरवरचा हात काढला आणि एक पाऊल मागे सरली.

मी फाटकात उभी. माझी जीभ तशी तिखट, शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी बोलले असते तर ते हॉस्पिटलातल्या बाईचं बोलणं झालं असतं. मी गेल्यावर मनीषाला या बायांमध्येच राहायचं होतं. खाट शेवंताबाईंच्या मागे दोन हातांवर होती. त्या आता मागे वळून बसल्या असत्या तर पाय गेलाच होता, आणि त्या सुनेने पुन्हा त्यांना हात लावला नसता. मी दात आवळून गप्प राहिले. इतकं अवघड काम मी कुठल्याही गुडघ्यावर केलेलं नाही.

शेवंताबाईंनी आधी डोळे पुसले.

"रेखे, बॅग खाली ठेव पहिले," त्या म्हणाल्या. आवाज पूर्वीचा, बांधावरचा. "ते मले नही चालवू राहिली. मी तिले संगं घेऊन चालू राहिली. अन् रडू येते ते दुखते म्हणून येते. तू झाली तवा मी काय हासत होती? रडलीच ना? मंग काय तुले जनमाले घालाचंच नही होतं?"

कुंपणापलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. शेवंताबाईंनी मान वळवली.

"तू काहून थांबली वं, मनीषा? तुह्या बापाची ढोलकी नाल्यातून कोणं काढली मंग? सांग ना."

मनीषाने वॉकरला पुन्हा हात लावला. "कोणी नही काढली, आई," ती कशीबशी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी धोबी घेऊन आला. तो त्याच्यावर कपडे आपटत होता."

शेवंताबाई हसल्या, हसता हसता कळ आली म्हणून "आई गं" म्हणाल्या आणि पाऊल टाकलं. दोघी तशाच अंगणाच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि परत आल्या. मनीषा बोलतच होती, रडतही होती, आणि कुणी कुणाला चालवतंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. रेखाने बॅग ओसरीवर ठेवली. थोड्या वेळाने ती चहा घेऊन बाहेर आली, आणि पहिला कप तिने मनीषाच्या हातात दिला.

सगळेच पाय असे सुटत नाहीत, हे इथे लिहायलाच हवं. घरी गेलेला पेशंट आपल्या हाताबाहेर जातो, आणि कितीतरी लोक नंतर बसस्टँडवर लंगडत जाताना दिसतात. त्यांच्या मागे धावून काही उपयोग नसतो. त्यांच्या घरीही कुणीतरी प्रेमानेच उशी ठेवलेली असणार. आमच्या धंद्यात वाईट माणसांपेक्षा चांगल्या माणसांनीच पाय जास्त बिघडवले, आणि चांगल्या माणसाला समजावणं फार कठीण असतं.

शेवंताबाई पुढच्या तपासणीला आल्या त्या एका हातात काठी घेऊन, फाटकापासून चालत. सर्जनने पाय वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला आणि पुन्हा भूल द्यायची गोष्ट काढलीच नाही. अगदी पूर्ण सरळ झाला नव्हता, बारीकशी कसर राहिली होती, पण ती मलाच हाताला लागली. चालताना कुणाला दिसली नसती. माझ्या खोलीत पलंगावर पाय लांब करून त्या ऐटीत बसल्या. मनीषा खिडकीजवळ उभी होती. पदर डोक्यावर होता, पण कपाळावरून मागे गेलेला.

"काठी कायम घेऊनच चालता ना?" मी विचारलं.

"घेते ना," शेवंताबाई म्हणाल्या.

"खोटं," मनीषा म्हणाली. "मॅडम, यांना विचारू नका, मला विचारा. काठी घरात राहते आणि ह्या पार बागेपर्यंत जातात. काल तर पाटाच्या पाण्यात पाय घातला. मी किती बोलले, सुनतेही नहीं!"

मी चकित होऊन बघत राहिले. मनीषाच्या लक्षातही आलं नाही की ती काय करून बसली. शेवंताबाई मात्र माझ्याकडे वळल्या, तोंड कमालीचं गंभीर.

"पाहा बाई, पाहा तुम्ही. आता हे मले उलट बोलते."

"मग रागवायचं ना तिला," मी म्हटलं.

"रागावली ना," शेवंताबाई म्हणाल्या. "तिनं त्याचंबी उत्तर देलं." आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना, इतकं की बाहेर बसलेल्या पुढच्या पेशंटने दार ढकलून आत डोकावून पाहिलं.